अंतराळातले बॉम्ब आणि आपली फूटपट्टी

प्रश्न थोडक्यात असा. 'स्टार वॉर्स'ची जुनी त्रयी (१९७७ ते १९८३) पाहत मोठे झालेले एक चाहते विचारतात: "नव्या त्रयीवर मी टीका केली की भाचा म्हणतो, मामा, हेच सगळं जुन्या चित्रपटांतही आहे, तिथे तू गप्प बसतोस. पण मला नवे चित्रपट खरंच आवडलेले नाहीत. मग हा पूर्वग्रह आहे का? आणि असेल, तर दुटप्पीपणा न करता टीका करायची कशी?"

भाचा अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात तुम्ही दोघंही चुकताय, तिकडे नंतर येते. आधी माझी कबुली. वीसेक वर्षं संकलन केलं आणि रसास्वादाचे वर्ग घेतले की माणूस तटस्थ होतो असा एक समज आहे. माझ्यापुरता तरी तो खोटा निघाला.

चित्रपट बघताना मी मांडीवर वही ठेवते. अंधारात लिहिलेलं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. डिसेंबर २०१७ मध्ये नव्या त्रयीतला 'द लास्ट जेडाय' बघताना अगदी सुरुवातीला लिहिलेली एक ओळ आहे: 'अंतराळात बॉम्ब खाली पडतात?? गुरुत्वाकर्षण कुठलं?' दोन प्रश्नचिन्हं आणि खाली दोनदा रेघ. पहिल्याच लढाईत नायकांच्या बाजूची अवजड यानं शत्रूच्या महाकाय जहाजावर बॉम्बचा सडा घालतात, त्याबद्दलची ही नोंद. घरी येऊन हेच मी मोठ्या ऐटीत दोघातिघांना ऐकवलं.

दोन आठवड्यांनी वर्गासाठी जुन्या त्रयीतला 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' लावला. नायकांचं यान मिलेनियम फाल्कन एका लघुग्रहाच्या पोटात दडलेलं आहे आणि वरून शत्रूची, म्हणजे साम्राज्याची, टाय बॉम्बर यानं बॉम्ब टाकत चालली आहेत. खाली, सरळ. चित्रपट १९८० सालचा. त्या प्रसंगातले कट मला तोंडपाठ आहेत, आणि इतक्या वर्षांत एकदाही मला तिथे गुरुत्वाकर्षण आठवलं नव्हतं.

पुढची गंमत जास्त बोलकी आहे. हे लक्षात येताच मनात पहिला विचार काय आला? की लघुग्रहाला थोडंफार गुरुत्वाकर्षण असतंच की! म्हणजे जुन्या चित्रपटाचं वकीलपत्र मी कुणी न सांगता घेऊन मोकळी झाले. खरं तर नव्याचं वकीलपत्र घेणंही अवघड नव्हतं. यानाच्या आत कृत्रिम गुरुत्वाकर्षण आहे, माणसं त्यात चालताना दिसतात. तिथून खाली सुटलेली वस्तू बाहेरच्या पोकळीत पोचल्यावर थांबेल कशाला? मिळालेल्या वेगाने ती त्याच दिशेला जात राहणार. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. डिसेंबरात ते मला आठवलं नाही, कारण आठवण्याची गरजच वाटली नाही.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. तो बाब्या नेमका कसा घडतो, ते पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात छान दिसतं. विद्यार्थ्यांना कागदाची एक पट्टी दिली. तिला आपली लाळ लावा, रंग बदलतो का बघा, त्यावरून शरीरात अमुक एक विकर आहे की नाही ते कळेल, असं सांगितलं. पट्टी साध्या कागदाची होती, तिचा रंग बदलणारच नव्हता. ज्यांना 'रंग न बदलणं चांगलं' असं सांगितलं होतं, ते पटकन उरकून मोकळे झाले. ज्यांना 'रंग न बदलणं वाईट' असं सांगितलं होतं, ते जास्त वेळ थांबले आणि त्यांच्यातले अधिक जण पट्टी पुन्हा तपासत बसले.

यात कुणी लबाडी केली नाही. नको असलेल्या निकालाची माणसं जास्त कसून तपासणी करतात, इतकंच. आवडत्या चित्रपटाची पट्टी आपण एकदाच बुडवतो, नावडत्याची दहा वेळा. दहा वेळा बुडवल्यावर काही ना काही सापडतंच, आणि जे सापडतं ते खरंही असतं. म्हणून तर हा दुटप्पीपणा आतून जाणवत नाही. प्रत्येक दोष दाखवता येतो, मिनिट-सेकंदासह.

आता तो उरलेला अर्धा. भाच्याला वाटतं, मामाची फूटपट्टी वाकडी आहे म्हणजे चित्रपट चांगला आहे. तसं होत नाही. वाकड्या फूटपट्टीने मोजलेली भिंत खरोखर तिरकी असू शकते. आणि तुम्हाला वाटतं, माझी नावड प्रामाणिक आहे म्हणजे तिची मी दिलेली कारणंही प्रामाणिक आहेत. तेही तसं नाही. नावड आधी येते. कारणं मागाहून गोळा होतात, आणि हाताशी जी सोपी असतात ती आधी येतात.

हे मला मानसशास्त्राच्या पुस्तकाआधी संकलनाच्या टेबलावर कळलं. रफ कट, म्हणजे संकलनाचा कच्चा खर्डा, तयार झाला की तो आम्ही बाहेरच्या पंधरा-वीस लोकांना दाखवतो आणि नोट्स घेतो. एका चित्रपटाच्या वेळी जवळपास सगळ्यांनी एकच सांगितलं: मध्यंतरानंतर कंटाळा येतो, छाटा. आम्ही चार मिनिटं छाटली. पुन्हा दाखवला, पुन्हा तोच शेरा. आणखी छाटला, आता तर लोक म्हणाले की फारच लांबलाय. शेवटी दिग्दर्शक आणि मी रात्री पहिल्यापासून बघत बसलो, तेव्हा ध्यानात आलं की सुरुवातीला लांबी वाचवण्यासाठी आम्ही एक छोटा प्रसंग काढला होता: नायिका धाकट्या भावाला एक शब्द देते तो. तो शब्दच प्रेक्षकाला ठाऊक नव्हता, मग उत्तरार्धात ती एवढी धडपडते कशासाठी, याची कुणाला काय पडलीय? चाळीस सेकंदांचा तो प्रसंग परत लावला, छाटलेलं बरंचसंही परत घातलं. चित्रपट लांबला आणि 'लांबलाय' ही तक्रार गेली.

प्रेक्षकाला दुखतं ते खरं असतं. दुखण्याची जागा म्हणून तो जिथे बोट ठेवतो ती मात्र बऱ्याचदा चुकीची असते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. चाहत्यांच्या टीकेचा बराच भाग असा सोमेश्वरी गेलेला बंब असतो.

माझ्या वहीतला बॉम्बही तसाच होता. मला खरं खुपत होतं ते जुन्या त्रयीच्या नायकाचं, ल्यूक स्कायवॉकरचं. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये आकाशगंगेतल्या सगळ्यात क्रूर माणसातही, म्हणजे आपल्या बापात, डार्थ व्हेडरमध्ये, चांगुलपणा शिल्लक आहे असं मानून जो आपली प्रकाशतलवार टाकून देतो, तो ल्यूक नव्या चित्रपटात स्वतःच्या झोपलेल्या भाच्याच्या उशाशी क्षणभर का होईना, तलवार पेटवून उभा राहतो, हे मला गिळवलं नाही. ही तक्रार भौतिकशास्त्राची नाही, व्यक्तिरेखेची आहे. तिच्यावर वाद घालता येतो. समोरचा म्हणेल, त्याच १९८३ च्या चित्रपटात बहिणीचं नाव निघताच हाच ल्यूक बेभान होऊन बापावर तुटून पडला होता, हात तोडेपर्यंत. तलवार टाकली ती त्यानंतर. तेव्हा क्षणिक घसरण त्याच्या स्वभावातच आहे. मुद्दा वजनदार आहे. मला तो पूर्ण पटत नाही, कारण घसरणीनंतर सावरणारा ल्यूक आपण पाहिला होता, आणि इथे घसरणीनंतर सगळं सोडून बेटावर जाऊन बसलेला ल्यूक भेटतो. ल्यूकची भूमिका करणाऱ्या खुद्द मार्क हॅमिल यांनीही ल्यूकच्या या चित्रणाबद्दलचा मतभेद जाहीरपणे सांगितला होता, आणि तो असा चारचौघांत बोलून दाखवल्याबद्दल नंतर खेदही व्यक्त केला. पण बघा, ल्यूकवर बोलायला लागल्याबरोबर आपण चित्रपटावर बोलायला लागलो. बॉम्बवर बोलत होतो तोवर फक्त गुण कापत होतो.

दोन चित्रपटांत एकच दोष असेल, तर दोन्हीकडे सारखेच गुण कापायचे, हा हिशेब मात्र मला मान्य नाही. भाच्याला हे जरूर सांगा. दोषाचं वजन तो गोष्टीच्या कुठल्या खांबाला लागतो त्यावर ठरतं. १९७७ च्या चित्रपटात फाल्कनचा चालक हॅन सोलो 'बारा पार्सेकच्या आत' एक अवघड फेरी पार केल्याची बढाई मारतो. पार्सेक हे अंतराचं माप, वेळेचं नव्हे. चूक आहे, पण ती एका बढाईखोराच्या तोंडी आहे आणि त्यावर पुढचं काहीच उभं नाही. बॉम्बचंही तेच, दोन्ही चित्रपटांत. याउलट 'द लास्ट जेडाय'मध्ये ॲडमिरल होल्डो आपलं जहाज प्रकाशवेगाच्या उडीत शत्रूच्या ताफ्यातून आरपार घालते. दृश्य म्हणून ते थक्क करणारं आहे. आवाज पूर्ण काढून घेण्याचा तो निर्णय मी वर्गात आजही दाखवते. पण हे जमत असेल तर डेथ स्टार हे शत्रूचं महाकाय अस्त्र उडवताना एवढी माणसं कशाला मारून घेतली, हा प्रश्न मागच्या सगळ्या चित्रपटांना जाऊन भिडतो. निर्मात्यांनाही तो भिडला असावा, कारण २०१९ च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये 'लाखात एखाद्या वेळीच जमतं ते' अशा अर्थाचं ठिगळवजा वाक्य आलं.

वेळेचं उदाहरण माझ्या धंद्यातलं, म्हणून थोडं रेंगाळते. 'एम्पायर'मध्ये ल्यूक दलदलीच्या ग्रहावर आपल्या गुरूकडे, योडाकडे, शिकतोय आणि तिकडे फाल्कनचा पाठलाग चाललाय. शिक्षण कित्येक दिवसांचं वाटतं, पाठलाग जेमतेम काही दिवसांचा. दोन्ही धागे एकाच वेळी संपतात. हिशेब लागत नाही, आणि फारसं कुणाचं बिघडतही नाही. 'द लास्ट जेडाय'मध्येही असेच दोन धागे आहेत: ताफ्याचा पाठलाग, आणि फिन व रोझ यांची जुगारनगरीची फेरी. इथे मात्र मला बिघडलेलं दिसतं. कारण 'एम्पायर'ने घड्याळ दाखवलंच नव्हतं. इथे चित्रपट स्वतः सांगतो की इंधन संपत आलंय, घटका मोजा. एकदा घड्याळ भिंतीवर टांगलं की कट करताना ते ऐकू येत राहावं लागतं, आणि जुगारनगरीत ते बंद पडतं. तेव्हा दोष दिसायला एकच असला, तरी एका चित्रपटाने दिलेला शब्द मोडला आणि दुसऱ्याने तो दिलाच नव्हता. असा फरक तुम्ही दाखवू शकलात, तर भाच्याने 'दुटप्पी' म्हणण्याचं कारण उरत नाही. दाखवता आला नाही, तर ऐकून घ्या.

आता जरा अवघड भाग. नव्या त्रयीची नायिका 'रे' हिच्यावरची टीका. न शिकता यान चालवते, न शिकता सगळं जमतं, म्हणून तिला 'मेरी सू' म्हणतात. हा शब्द पॉला स्मिथ यांनी १९७३ मध्ये चाहत्यांच्या कथांची टवाळी करणाऱ्या एका छोट्या विडंबनात वापरला होता. लेखकाने स्वतःची हौस भागवायला घडवलेल्या, सगळंच येणाऱ्या नायिकेला उद्देशून. आता वहीच्या पानाला मधोमध रेघ मारा. ल्यूक शेतावर वाढलेला, घरच्या छोट्या यानातून उंदीरवजा प्राणी टिपल्याचं सांगतो आणि पहिल्याच लढाईत डेथ स्टार उडवतो. नऊ वर्षांचा ॲनाकिन १९९९ च्या चित्रपटात शत्रूचं जहाज जवळजवळ चुकून उडवतो. रे म्हणते, यानं चालवली आहेत, पण ग्रह सोडून कधी गेले नव्हते. तिघांचीही पेरणी एक-दोन वाक्यांची. 'एम्पायर'च्या सुरुवातीला ल्यूक गुहेत उलटा लटकलेला असताना बर्फात रुतलेली तलवार नुसत्या इच्छाशक्तीने हातात खेचून घेतो. ही विद्या त्याला कुणी शिकवताना पडद्यावर आपण पाहिलेलं नाही. चाळीस वर्षांत मला त्याबद्दल तक्रार करणारे फारच थोडे भेटले. आणि रेने खलनायक कायलो रेनला हरवलं ते कधी? च्युबॅकाच्या अस्त्राने त्याची कूस फाडल्यावर. ते अस्त्र किती जबर आहे, हे चित्रपट आधी दाखवून ठेवतो आणि जखम विसरू नये म्हणून कायलो तिच्यावर गुद्दे मारताना दिसतो.

रेवर रास्त टीका करता येतेच. पहारेकऱ्याचं मन वळवण्याची विद्या ती ज्या सहजपणे वापरते, ते मलाही आयतं वाटलं. पण तेवढंच म्हणा. नायक असला की 'उपजत' आणि नायिका असली की 'फुकटचं', असे दोन शब्द तुमच्या तोंडून निघत असतील, तर तिथे थांबून स्वतःला विचारायला हवं. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. मीही बाई असून रेला दहा वेळा पट्टी बुडवूनच तपासलं होतं.

याची किंमत माणसं मोजतात, म्हणून एवढं लांबण. रोझची भूमिका केलेल्या केली मेरी ट्रॅन यांनी वंशावरून, दिसण्यावरून झालेल्या छळानंतर २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरचा आपला मजकूर काढून टाकला. त्याच वर्षी अहमद बेस्ट यांनी सांगितलं की १९९९ मध्ये त्यांनी साकारलेल्या जार जार बिंक्स या पात्रावरून जो मारा झाला, त्याने ते आत्महत्येच्या उंबरठ्यावर गेले होते. लिहिलेला संवाद लेखकाचा, ठेवलेला टेक दिग्दर्शकाचा आणि माझ्यासारख्या कुणा संकलकाचा; शिव्या खातो तो पडद्यावर दिसणारा.

याची दुसरी बाजूही दुटप्पी आहे. मॉर्टन बे या संशोधकाने २०१८ मध्ये 'द लास्ट जेडाय'च्या दिग्दर्शकाला उद्देशून केलेली शेकडो ट्विट तपासली. नकारात्मक निघाली ती सुमारे पाचवा हिस्सा, आणि त्यांतली निम्म्याहून थोडी अधिक राजकीय हेतूने केलेली किंवा माणसांची नसावीत असा त्याचा निष्कर्ष होता. झालं! चित्रपटाच्या बाजूच्या लोकांना हत्यारच मिळालं: 'टीका करणारे सगळे बॉट नाहीतर द्वेष्टे.' दिग्दर्शकाला थेट गाठून बोलणारे लोक म्हणजे चित्रपट न आवडलेले सगळे प्रेक्षक, हे कुठून आलं? घड्याळाबद्दलचं माझं म्हणणं मांडल्यावर मलाही 'तुला स्त्री-नायिका सहन होत नाही' हे ऐकावं लागलं आहे. स्टुडिओंना हे सोयीचंच असतं. छळाच्या बातम्यांआड कच्ची पटकथा झाकली जाते.

श्रेय आणि दोष यांच्या वाटपात तर सगळेच बेबंद असतात. जुनी त्रयी चांगली झाली ती दिग्दर्शक कर्शनर, लेखक कॅझ्डन आणि संकलक मार्शा ल्यूकसमुळे. पुढे बिघडलं ते 'स्टार वॉर्स'चे जनक जॉर्ज ल्यूकस यांच्यामुळे. मग २०१२ मध्ये त्यांची कंपनी डिस्नेकडे गेली आणि तेच ल्यूकस रातोरात हरवलेले दैवत झाले. कॅथलीन केनेडी कंपनीच्या प्रमुख असताना आलेलं 'द राइज ऑफ स्कायवॉकर' त्यांचं पाप, आणि त्यांच्याच कारकिर्दीतली 'रोग वन' किंवा 'अँडॉर' ही मात्र दुसऱ्या कुणाची पुण्याई. '१९७७ चा चित्रपट संकलनाने वाचवला' हे वाक्य माझ्या धंद्याचा मान वाढवतं, ऐकायला गोड लागतं. त्या तिघा संकलकांचं ऑस्कर रास्तच होतं. पण जे चित्रित झालेलंच नाही ते टेबलावर कुणी निर्माण करत नाही.

आणि वय. 'एम्पायर' आला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिन्सेंट कॅनबी यांनी त्याला नाकं मुरडली होती. 'मी तुझा बाप आहे' हे वाक्य बऱ्याच प्रेक्षकांनी तेव्हा खरंच मानलं नाही. व्हेडरला आवाज देणाऱ्या जेम्स अर्ल जोन्स यांनाही संवाद वाचून वाटलं होतं की हा खोटं बोलतोय. १९९९ पासून आलेली आणि तेव्हा झिडकारली गेलेली पूर्वकथेची त्रयी तेव्हाच्या लहान मुलांनी मोठं होऊन उचलून धरली, आणि अहमद बेस्ट २०२३ मध्ये एका मालिकेत जेडाय योद्धा म्हणून परतले तेव्हा त्यांचं स्वागत झालं. तुम्ही दहाव्या वर्षी पाहिलेला चित्रपट आणि पन्नासाव्या वर्षी पाहिलेला चित्रपट यांची बरोबरी होऊच शकत नाही. ती करायला कुणी सांगितलेलंही नाही. 'माझ्या बालपणाला धक्का लागला' हे सरळ म्हणण्यात कमीपणा नाही. ते सोडून आपण गुरुत्वाकर्षणाच्या आड लपतो.

करायचं काय, तर वर्गात आम्ही एक खेळ खेळतो, तो भाच्याबरोबर खेळून बघा. दोघांनी आपापल्या तक्रारी कार्डांवर लिहायच्या, पण नाव-गाव काढून. 'नवख्या पात्राला पहिल्याच प्रयत्नात अवघड विद्या जमते.' 'मेलेला खलनायक कारण न देता परत येतो.' 'शत्रूचं गोलाकार अस्त्र पुन्हा एका कच्च्या जागेमुळे उडतं.' मग कार्डं पिसायची आणि समोरच्याने प्रत्येक कार्डाला आपल्या आवडत्या चित्रपटातलं उदाहरण शोधायचं. तिसऱ्या कार्डाला १९८३ चा चित्रपट लगेच सापडतो. दुसरं कार्ड 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये परतलेल्या सम्राटाचं. त्याला जुन्यात काहीच सापडणार नाही असं वाटतं, तर १९९१ पासून आलेल्या 'डार्क एम्पायर' या चित्रकथेत सम्राट क्लोनच्या रूपाने परतलेला आहे, आणि ती जपून ठेवणारे चाहते मला माहीत आहेत. तरी ते कार्ड मी फाडत नाही: व्हेडरने जीव देऊन ज्याला संपवलं, तो परतला की व्हेडरच्या मरणाचं मोल उतरतं, मग माध्यम कुठलंही असो. फक्त एवढं कबूल करावं लागतं की हेच बोट चित्रकथेकडेही दाखवायला हवं. उदाहरण सापडूनही जे कार्ड तुम्हाला टाकवत नाही, त्याच्यापाशी जास्त वेळ बसा. तिथेच तुमची खरी टीका असते, किंवा खरा पूर्वग्रह.

'द लास्ट जेडाय'च्या पानावर माझ्या चौदा तक्रारी होत्या. या चाळणीतून तीन उरल्या: ल्यूक, होल्डोची उडी आणि जुगारनगरीत बंद पडलेलं घड्याळ. बाकीच्यांवर काट मारली. बॉम्बची ओळ तेवढी खोडली नाही. तिच्यासमोर समासात 'एम्पायर, लघुग्रह' असं लिहून ठेवलंय.